टीप : खुशी गिऱ्हाइकाची, हक्क वाढप्याचा

हॉटेलात जेवण झाले, वेटरने बिल आणले, पैसे दिले आणि बडीशेपेच्या ताटलीत काही सुट्टे पैसे परत आले. ते उचलून खिशात टाकायचे की तेथेच राहू द्यायचे? बाब दहा-वीस रुपयांची दिसते. परंतु याच दहा-वीस रुपयांत गिऱ्हाईक, वाढपी आणि मालक या तिघांचा व्यवहार गुंतलेला असतो. आपले वाचक या तिन्ही जागांवर आहेत. कोणी कॅम्पात किंवा कोंढव्यात हॉटेल चालवतो, कोणाचा मुलगा किंवा भाऊ टेबलावर वाढतो आणि गिऱ्हाईक तर आपण सर्वच आहोत. म्हणून टीप द्यावी की न द्यावी, किती द्यावी, ती कोणाची मानावी आणि कायदा याविषयी काय म्हणतो, हे नीट समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

शब्द आणि रूढी

बक्षीस हा शब्द फारसीतील ‘बख्शिश’वरून मराठीत आला. मूळ अर्थ आहे देणगी, खुशीने दिलेली वस्तू. दिवाळीला नोकराचाकरांना दिली जाते ती पोस्त आणि ईदला दिली जाते ती ईदी, ही त्याच कुळातील नावे. टीप हा शब्द इंग्रजीतून आला. आपल्या शिंपीबांधवांच्या कामात टीप म्हणजे शिलाई आणि लिहिणाऱ्यांच्या कामात टीप म्हणजे टिपण. हॉटेलातील टीप मात्र या दोहोंहून वेगळी आहे. सेवा मिळाल्यानंतर, कोणी न मागता, गिऱ्हाइकाने सेवकाला आपल्या मर्जीने दिलेली रक्कम म्हणजे टीप. या व्याख्येतील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात : सेवेनंतर, न मागता, मर्जीने आणि सेवकाला. यांपैकी एकही गोष्ट सुटली तर ती रक्कम टीप राहत नाही. ती दर होते, खंडणी होते किंवा लाच होते.

पुण्यात टीपची रूढी सर्व हॉटेलांत सारखी नाही. १९३५ साली सुरू झालेल्या डेक्कनवरील गुडलकसारख्या इराणी हॉटेलांनी या शहराला चहा-बनमस्क्याची सवय लावली. अशा अनेक जुन्या हॉटेलांत पोऱ्या बिलाचा आकडा ओरडून सांगे आणि गिऱ्हाईक गल्ल्यावर पैसे भरून बाहेर पडे. तेथे टीप म्हणजे फार तर टेबलावर ठेवलेले नाणे. खानावळीत महिन्याचे पैसे भरणारा विद्यार्थी किंवा कामगार रोज टीप देत नसे. सणाला वाढप्याच्या हातावर काही ठेवत असे. बिल चामडी पाकिटात घालून टेबलावर आणण्याची पद्धत वाढली तशी टीपही वाढली. म्हणून ज्या हॉटेलात आपण जातो तेथील पद्धत पाहून वागावे. जेथे आपण स्वतः खिडकीवर कूपन घेतो, स्वतः ताट उचलतो आणि उभ्याने खातो, तेथे टीप न देणे यात कोणताही कंजूषपणा नाही.

किती द्यावी?

टीपचा दर ठरवणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. व्यवहारात उपयोगी पडेल असा अंदाज पुढे देत आहोत.

(१) चहा-नाश्ता असेल तर वरचे सुट्टे पैसे किंवा पाच-दहा रुपये पुरेत.

(२) कुटुंबासह बसून जेवण केले आणि वेटरने मन लावून वाढले, तर बिलाच्या पाच ते दहा टक्के रक्कम शोभते. ही टक्केवारी कर सोडून केवळ खाद्यपदार्थांच्या रकमेवर धरावी.

(३) वीस-तीस माणसांची दावत असेल तर वाढणारे एकाहून अधिक असतात. अशा वेळी एकाच्या खिशात गुपचूप पैसे न घालता सर्वांसमोर रक्कम द्यावी आणि ‘ही तुम्हा सर्वांची’ असे स्पष्ट सांगावे. वाटणीचे भांडण त्यामुळे टळते.

(४) रोजच्या गिऱ्हाइकाने रोज न देता महिन्याला किंवा ईद-दिवाळीला एकरकमी दिले तरी चालते.

(५) रमजानमध्ये मोमीनपुरा, बाबाजान चौक, कौसरबाग येथे इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. आपल्याला वाढणारा मुलगा पुष्कळदा दिवसभर रोजा धरून उभा असतो आणि त्याने स्वतः इफ्तार उभ्याउभ्याच केलेला असतो. अशा दिवसांत हात थोडा सैल ठेवावा. भर पावसात घरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलाबाबतही हेच.

सेवा वाईट असेल तर टीप न देण्याचा पूर्ण अधिकार गिऱ्हाइकाला आहे. परंतु भाजी खारट झाली याचा राग वाढणाऱ्यावर काढू नये. तक्रार मालकाकडे करावी. आणि टीप देताना नोट टेबलावर फेकणे, सर्वांसमोर मोठेपणा मिरवणे किंवा टीप दिली म्हणून वेटरला एकेरीत हुकूम सोडणे, यापेक्षा टीप न दिलेली बरी. उपकार बोलून दाखवला की दिलेले व्यर्थ जाते, ही शिकवण आपण जाणतोच.

सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे

अनेक मोठी रेस्टॉरंटे बिलात पाच ते दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावू लागली, तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटले की हा सरकारी कर आहे. तो कर नव्हे. सरकारी कर म्हणजे जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण रेस्टॉरंटांना तो पाच टक्के लागू झाला; मोठ्या तारांकित हॉटेलांचा दर वेगळा. कंपोझिशन योजनेत असलेल्या लहान हॉटेलवाल्याला तर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज ही मालकाने आपणहून लावलेली रक्कम आहे आणि ती मालकाच्या गल्ल्यात जाते.

एक हिशेब पाहू. आठशे रुपयांचे जेवण झाले. पाच टक्के जीएसटी ४० रुपये, म्हणजे बिल ८४० रुपये. आता त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरला तर आधी ८० रुपये वाढले. मग ८८० रुपयांवर जीएसटी ४४ रुपये लावला आणि बिल ९२४ रुपये झाले. म्हणजे जी रक्कम गिऱ्हाइकाच्या मर्जीची असायला हवी ती सक्तीने गेली आणि तिच्यावर करही भरावा लागला. वेटरला त्यातून काही मिळाले का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. शिवाय ‘सर्व्हिस चार्ज दिला आहे’ असे म्हणून तो टीपही ठेवत नाही. या पद्धतीत सर्वाधिक नुकसान वाढणाऱ्याचेच होते.

याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांचा सारांश असा : सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाखालीही तो वसूल करू नये, गिऱ्हाइकावर सक्ती करू नये आणि हा ऐच्छिक आहे हे त्याला सांगावे, न दिल्यास प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या तत्त्वांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी त्या न्यायालयाने संघटनांच्या याचिका फेटाळल्या, तत्त्वे वैध ठरवली आणि याचिकाकर्त्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च सोसण्यास सांगितले. संघटनांनी त्यावर अपीलही केले. निकालाचे मर्म मात्र साधे आहे : गिऱ्हाइकाने स्वेच्छेने टीप देण्यास कोणतीही बंदी नाही, बंदी आहे ती सक्तीला.

गिऱ्हाइकाने काय करावे? बिल नीट वाचावे. असा आकार दिसल्यास तो काढण्यास शांतपणे सांगावे. तंटा वेटरशी करू नये, कारण बिल त्याने ठरवलेले नसते. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि त्यापुढे ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, त्या पुण्यातील गिऱ्हाइकाने आपला हक्क मागण्यास संकोच करण्याचे कारण नाही.

मालक हा अमानतदार

आता हॉटेलमालक बंधूंसाठी महत्त्वाचा भाग. गिऱ्हाइकाने दिलेली टीप ही मालकाची मिळकत आहे का? आपल्या देशातील सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिलेले आहे.

मोठ्या हॉटेलांत गिऱ्हाईक कार्डाने पैसे भरताना टीपही त्यातच देतो. ती रक्कम आधी हॉटेलच्या खात्यात येते आणि मग नोकरांना वाटली जाते. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते की ही रक्कम पगारच आहे, म्हणून हॉटेलने त्यातून कर कापून भरावा. आयटीसी कंपनीच्या या प्रकरणात २६ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने म्हटले की टीपचा पैसा गिऱ्हाइकाचा असतो, मालक तो केवळ विश्वस्त म्हणून काही काळ सांभाळतो आणि नोकरांपर्यंत पोहोचवतो. म्हणून तो पगार नव्हे आणि त्यातून पगाराप्रमाणे कर कापण्याची जबाबदारी मालकावर नाही. ज्याला टीप मिळते त्याच्या हाती ती ‘इतर उत्पन्न’ ठरते. त्याच्याही आधी, १९७६ साली, जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या प्रकरणातही टीपचे वाटप हे मालकाने स्वतःच्या पैशातून केलेले देणे नव्हे, असेच न्यायालयाने मानले होते.

विश्वस्त या शब्दाला आपल्या बोलीत अमानतदार म्हणतात. ज्याच्याजवळ अमानत ठेवली त्याने तिला हात लावू नये, हे सांगण्यासाठी वकिलाची गरज नाही. तरीही पुढील गोष्टी आपल्या बाजारात सर्रास घडतात : ग्लास फुटला की टीपच्या डब्यातून वजा करणे, उशीर झाला की दंड म्हणून टीप रोखणे, ‘माझ्या हॉटेलमुळेच टीप मिळते’ असे म्हणून निम्मी ठेवून घेणे. फुटलेल्या ग्लासाचा आणि उशिराचा हिशेब मालक व नोकर यांच्यातील आहे. गिऱ्हाइकाच्या देणगीशी त्याचा संबंध नाही.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने मालकावर बंधन घातले की टीपची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता नोकरांमध्ये न्याय्य रीतीने वाटली पाहिजे. जे तेथे कायद्याने करावे लागले ते आपण अमानत समजून करू शकतो.

पगाराऐवजी टीप नको

‘पगार थोडा, पण वरची कमाई चांगली’ असे सांगून नोकर ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. किमान वेतन देणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे आणि टीप मिळते म्हणून ती कमी होत नाही. ठरलेली मजुरी घाम सुकण्यापूर्वी द्यावी, ही प्रेषित (स.) यांची शिकवण मालकाला उद्देशून आहे, गिऱ्हाइकाला नव्हे.

टीपवर पगार सोडला की काय होते, हे अमेरिकेत पाहावे. तेथील केंद्रीय कायद्यात साधारण कामगाराचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टीप मिळते त्यांना मालकाने रोख द्यायची किमान रक्कम १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेली आहे. काही राज्यांनी ती वाढवली आहे. बाकी ठिकाणी वेटरची चूल गिऱ्हाइकाच्या मर्जीवर पेटते. म्हणून तेथे पंधरा-वीस टक्के टीप जवळजवळ सक्तीची झाली. उलट जपानमध्ये टीप देण्याची रूढीच नाही. सेवेचे मोल किमतीत धरलेले असते. टीप न घेणारा देश गरीब नाही आणि टीपवर चालणारा देश वेटरला श्रीमंत करत नाही, एवढे यावरून कळते.

मोबाइलवरून दिलेली टीप

रोख पैसे होते तोवर हिशेब सोपा होता. टेबलावर ठेवलेली नोट वेटरच्या हातात जात असे. आता गिऱ्हाईक मोबाइलने पैसे भरतो. बिल ४६० रुपयांचे, गिऱ्हाइकाने ५०० भरले आणि ‘वरचे राहू द्या’ म्हणून निघून गेला. ते ४० रुपये थेट मालकाच्या खात्यात गेले. संध्याकाळी शेकडो व्यवहारांत ते मिसळले, कोणी नोंद केली नाही आणि वाढणाऱ्याची रक्कम विक्रीत जमा झाली. मालकाची नियत चांगली असूनही हक्क बुडाला. उपाय अगदी साधा आहे. गल्ल्यावर एक वही ठेवावी. तीत चार रकाने करावेत : तारीख, टेबल क्रमांक, वरची रक्कम, कोणाला दिली. रात्री गल्ला मिटवण्यापूर्वी ती रक्कम रोख वाटून सही घ्यावी. टीप ही विक्री नव्हे; म्हणून हिशेबनीसालाही ती वेगळी दाखवावी. गिऱ्हाइकानेही शक्य असेल तर बिल मोबाइलने भरावे आणि टीप रोख हातावर ठेवावी.

भटारखान्याचा वाटा

टीप वेटरला मिळते, पण बिर्याणी शिजवणारा वस्ताद, तंदूरसमोर भाजून निघणारा कारागीर, मोरीवर भांडी घासणारा आणि फडके मारणारा पोऱ्या गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत. ज्या सेवकाने जेवण तयार करताना आगीची धग आणि कष्ट सोसले, त्याला सोबत बसवावे आणि ते न जमल्यास त्या जेवणातील एक-दोन घास तरी द्यावेत, असा प्रेषित (स.) यांचा उपदेश हदीसच्या ग्रंथांत आलेला आहे. टीपच्या वाटणीसाठी यापेक्षा चांगले मार्गदर्शन कोणते? बहुतेक हॉटेलांत एक डबा ठेवून आठवड्याने वाटप केले तर सर्वांना वाटा मिळतो. वाटा किती, हे नोकरांनी आपसात ठरवावे आणि ते भिंतीवर लिहून लावावे. मालकाने व मॅनेजरने त्यात भागीदार होऊ नये.

घेणाऱ्याचा अदब

वाढणाऱ्या भावांसाठीही दोन शब्द. टीप मागू नये, डोळ्यांनीही नाही. सुट्टे पैसे मुद्दाम उशिरा आणणे म्हणजे मागणेच होय. मोटारीतून आलेल्यास आधी आणि पायी आलेल्यास नंतर, असे करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, टीपच्या आशेने मालकाचा माल देऊ नये. ओळखीच्या गिऱ्हाइकाला एक कबाब जास्त वाढला, रायता बिलात लिहिला नाही आणि बदल्यात पन्नास रुपये मिळाले, तर ती टीप नसून मालकाच्या मालाची चोरी आहे.

येथे टीप आणि लाच यांतील फरक स्पष्ट होतो. प्रेषित (स.) यांनी जकात गोळा करण्यासाठी एकास पाठवले. परत आल्यावर तो म्हणाला की एवढे जकातीचे आणि एवढे मला भेट मिळाले. त्यावर प्रेषितांनी जाहीरपणे विचारले की हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? अधिकारामुळे येणारी भेट संशयास्पद असते. वेटरची टीप त्याहून वेगळी ठरते, कारण ती सेवेनंतर, मालकाच्या माहितीने, उघडपणे मिळते आणि तिच्या बदल्यात कोणाचा हक्क मारला जात नाही. ज्या दिवशी यांतील एक अट सुटते त्या दिवशी तो फरकही सुटतो.

कारागीर बंधूंना

हेच नियम आपल्या इतर धंद्यांनाही लागू आहेत. कपाट बसवून झाल्यावर, पंखा किंवा एसी दुरुस्त केल्यावर घरमालक हाताखालच्या मुलाला पन्नास-शंभर रुपये देतो. ते उस्तादाचे नाहीत. ‘मजुरीत धरू’ म्हणून ते काढून घेणारा उस्ताद शागिर्दाचा विश्वास पन्नास रुपयांत विकतो. आणि जो शागीर्द काम अर्धवट ठेवून चहापाण्याचे पैसे मागतो, तो उस्तादाचे गिऱ्हाईक तोडतो.

उजळणी

वाचकांनी पुढील प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. गिऱ्हाईक म्हणून : बिलात कर कोणता आणि मालकाने लावलेला आकार कोणता, हे मी वाचतो का? मालक म्हणून : काल मोबाइलवर आलेली वरची रक्कम कोणाकडे गेली, हे मला सांगता येईल का? टीप बंद झाली तरी माझा नोकर पगारावर घर चालवू शकेल का? नोकर म्हणून : मला मिळालेले पैसे मी मालकासमोर मोजू शकतो का?

ज्या हॉटेलात वाढणाऱ्याला त्याचा पैसा त्याच रात्री मिळतो, त्या हॉटेलातील वेटर टिकतात, गिऱ्हाइकाचे नाव आणि आवड लक्षात ठेवतात आणि माल वाया जाऊ देत नाहीत. दर महिन्याला नवा माणूस शोधून शिकवण्याचा खर्च ज्याने सोसला आहे त्या मालकाला याची किंमत माहीत आहे. बरकत वेगळी कोठून येते? आजच गल्ल्याजवळ चार रकान्यांची वही ठेवावी आणि पहिली नोंद आज रात्रीच करावी.